गुडघा बदलल्यावरची पहिली रात्र



गेल्या महिन्यात शहागंजच्या आमच्या कार्यालयात गटांच्या अध्यक्ष-सचिवांची बैठक होती. बैठक संपली, सगळ्या जणी बाजार करायला निघाल्या आणि फुलंब्रीकडची एक ताई तेवढी मागे राहिली. तिच्या सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गटानं कर्ज मंजूर केलं होतं. ते नको असं सांगायला ती थांबली होती. ऑपरेशन रद्द. का, तर शेजारच्या बाईनं सांगितलं की गुडघा बदलला की दुखू नये म्हणून बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते नसेत गेलं तर पाय कायमचा लुळा पडतो आणि जास्त झालं तर हृदय बंद पडतं. सासू म्हणाली, दुखतंय ते बरं, मला नको तसलं काही.

त्या सासूबाई आता घरातल्या घरात भिंत धरून चालतात. संडासला जायचं तर सुनेचा खांदा लागतो. वय ६३. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बी. ए. झालेली, गटांचे हिशेब बघणारी बाई आहे. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, उजवा गुडघा बदलला. तेव्हा रुग्णालयात पाच दिवस मीच त्यांच्याजवळ होते. जे पाहिलं, भूलतज्ज्ञांना जे विचारलं आणि नंतर जे वाचलं, ते सांगते.

आधी एक गोष्ट. आपण म्हणतो 'वाटी बदलली'. खरं तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक झिजलेलं असतं. ते घासून काढतात आणि त्यावर धातूचं आवरण बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. पुढची वाटी कित्येकदा आपलीच राहते. हाडाला हात लागतो, म्हणून हे ऑपरेशन नंतर फार दुखतं. आणि अडचण अशी की दुखलं तरी पाय हलवावाच लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांतच उठून उभं राहायचं, गुडघा वाकवायचा, चार पावलं टाकायची. पडून राहिलं तर गुडघा आखडतो आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते. म्हणून दुखणं कमी करणं हे लाड नाहीत, तो उपचाराचाच भाग आहे.

आता हे बधिर करायचं इंजेक्शन. तुमच्यापैकी बहुतेक जणींनी ते घेतलेलं आहे. दात काढताना हिरडीत टोचलं होतं, तेच. बाळंतपणात टाके घालताना दिलं होतं, तेच. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला पोटावर दिलं होतं, तेही त्याच कुळातलं. लिग्नोकेन त्याचं नाव. गुडघ्यासाठी त्याची मोठी भावंडं वापरतात, बुपिवाकेन आणि रोपिवाकेन, कारण त्यांचा असर जास्त तास टिकतो. बुपिवाकेन १९५७ पासून माहीत आहे. म्हणजे ते नवं नाही, आपल्यावर प्रयोग वगैरे चाललेला नाही.

ते काम कसं करतं? विहिरीवरची मोटार चांगली असते, वायरही चांगली असते, फक्त लाइट गेलेली असते. तसं. गुडघ्याला जखम आहे, सूज आहे, पण तिथला निरोप नसेतून मेंदूपर्यंत पोचत नाही. लाइट परत आली की मोटार जशी आपोआप सुरू होते, तसं औषध उतरलं की दुखणं सुरू होतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आमची फजिती तिथंच झाली.

हे औषध तीन ठिकाणी देतात. एक कमरेत, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशनच त्यावर करतात. सिझेरियन झालेल्यांना ते माहीत आहे. दुसरं गुडघ्याच्या आजूबाजूला: सर्जन टाके घालण्याआधी आतल्या मांसात, पडद्यात ठिकठिकाणी टोचतात. तिसरं मांडीत: भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या यंत्रावर बघून गुडघ्याकडे जाणाऱ्या नसेजवळ सोडतात, त्याला ब्लॉक म्हणतात. कुठे यातलं एक देतात, कुठे दोन-तीन मिळून. काही ठिकाणी नसेजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थोडं थोडं औषध सोडत राहतात.

गुण येतो का? येतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या केर आणि कोहान या दोन डॉक्टरांनी गुडघा आणि खुब्याच्या ३२५ रुग्णांचा अनुभव २००८ मध्ये छापला. सांध्याभोवती रोपिवाकेन, सोबत सूज उतरवणारं केटोरोलॅक आणि ॲड्रेनॅलिन असं मिश्रण ते देत. त्यांचे पुष्कळसे रुग्ण ऑपरेशनच्या दिवशीच चालले आणि एक रात्र राहून घरी गेले. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. अफूच्या जातीची जी कडक औषधं असतात, ज्यांनी उलट्या होतात, गुंगी येते, संडास होत नाही, ती यामुळे कमी लागतात. म्हाताऱ्या माणसाला हे फार मोठं आहे.

महाग तेच चांगलं, असंही नाही. बुपिवाकेनचाच एक महागडा प्रकार निघाला आहे, चरबीच्या बारीक थेंबांत भरलेला, म्हणजे तो हळूहळू सुटावा आणि जास्त दिवस टिकावा. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये परवानगी मिळाली. ब्रिटनमधल्या ११ रुग्णालयांत ५३३ रुग्णांवर तो साध्या बुपिवाकेनशी ताडून पाहिला. २०२२ मध्ये निकाल आला: पहिल्या तीन दिवसांच्या दुखण्यात आणि तब्येत सुधारण्यात फरक दिसला नाही. साधं, जुनं, स्वस्त औषध तेवढंच चाललं. तेव्हा कोणी 'भारीतलं इंजेक्शन देऊ का' म्हणालं, तर त्यानं नेमका काय फायदा होईल, हे विचारायला लाजू नका.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. बसवतात त्या सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. त्याआधी छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या वर होती. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलेली आहे का, ते बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या कार्डावर आणि त्या रुग्णालयात हे ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला कर्ज काढण्याआधी विचारायचं. आमच्या गटात दोघींनी आधी कर्ज काढलं आणि मग विचारलं.

आता भीतीकडे येते. फुलंब्रीच्या शेजारणीचं बोलणं अगदी निराधार नव्हतं. या औषधाचं प्रमाण रक्तात जास्त झालं, किंवा चुकून ते रक्तवाहिनीत गेलं, तर त्याचा विषारी परिणाम होऊ शकतो. ओठ आणि जीभ बधिर होते, तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुणतं, चक्कर येते, माणूस बरळायला लागतो. वाढलं तर झटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे खरं आहे. पण हजार जणांत एखाद-दुसऱ्याला किंवा त्याहूनही कमी जणांना असं होतं, आणि त्यावर उपाय आहे. २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन नावाचं दुधासारखं पांढरं सलाइन असतं. ते शिरेतून दिलं की औषध हृदयापासून ओढून घेतं. गाय वाइनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये ते आधी उंदरांवर दाखवलं, माणसावर वापरल्याची नोंद २००६ मध्ये झाली. आणि ते कशाचं बनतं ठाऊक आहे? सोयाबीनच्या तेलाचं. आपल्या मराठवाड्याच्या सोयाबीनला भाव मिळो न मिळो, ऑपरेशन थिएटरात मात्र त्याला मान आहे.

हा धोका टाळायचं पहिलं काम डॉक्टरांचं, पण अर्धं काम आपल्या हातात आहे. आमच्या घरी घडलं ते सांगते. शहरातल्या एका रुग्णालयात आदल्या संध्याकाळी कागद भरताना आत्याबाईंना वजन विचारलं. त्या म्हणाल्या, "असंल साठ." लिहिणाऱ्यानं साठ लिहिलं. मीही गप्प बसले, मला काय माहीत. सकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, त्यांनी आत्याबाईंचं मनगट हातात धरलं, एकदा कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काट्यावर उभं करा बरं यांना." ४७ भरलं.

तेरा किलोचा फरक. बुपिवाकेनची वरची मर्यादा साधारण दर किलोला २ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोला ती १२० मिलिग्रॅम होते, ४७ किलोला ९४. म्हणजे साठच्या हिशेबानं मर्यादेपर्यंत भरलं असतं तर २६ मिलिग्रॅम जास्त गेलं असतं. मॅडम म्हणाल्या, आम्ही मर्यादेच्या आतच राहतो, वय झालेलं असलं की आणखी कमी करतो, पण तेही खऱ्या वजनावरूनच. मला मात्र घाम फुटला. बियाणं तोलून घेणाऱ्या, कापूस तोलून घालणाऱ्या आपण, काट्यात पावशेर मारला तर व्यापाऱ्याशी भांडतो, आणि स्वतःचं वजन अंदाजानं सांगतो.

वजनाबरोबर आणखी काय सांगायचं, तर हृदयाचं, यकृताचं, मूत्रपिंडाचं जुनं दुखणं. आधी फिट येऊन गेली असेल तर ते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती नक्की, कारण ती चालू असताना कमरेत सुई घातली तर मणक्यात रक्त साकळू शकतं. ती गोळी किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं बंद करायची नाही. पूर्वी दाताच्या इंजेक्शननंतर अंगावर पित्त उठलं होतं, श्वास लागला होता, असं काही असेल तर तेही. नुसती छाती धडधडली असेल तर ती बऱ्याचदा त्यात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनमुळे असते, खरी ॲलर्जी क्वचितच असते. तरी सांगा, ठरवायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि घरच्या पुड्या, काढे, बसस्टँडवरून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, हे लपवू नका. कोणी रागावत नाही. रागावलं तर रागावू दे.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, असं बऱ्याच जणी विचारतात. एकदाच भूल, एकदाच खर्च, असं वाटतं. ते हृदय, वय, रक्त पाहून डॉक्टरच ठरवतील. पण एवढं लक्षात ठेवा की औषधाची मर्यादा गुडघ्यामागे नसते, अंगामागे असते. दोन गुडघे झाले म्हणून दुप्पट औषध देता येत नाही, तेवढंच दोन्हींत वाटावं लागतं. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. पंतप्रधानांनाही आठ महिने थांबावं लागलं, मग आपल्याला कसली घाई?

पाय लुळा पडण्याचं काय? औषधाचा असर आहे तोवर पाय जड, बधिर वाटतो, ते अपेक्षितच आहे. ब्लॉकमुळे मांडीची ताकद कमी होऊ शकते, विशेषतः जांघेजवळ दिलेल्या ब्लॉकनं. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी तो मांडीत खाली देतात, त्यात ताकद बरीच शाबूत राहते. तरीही पहिल्या दिवशी एकटीनं उठायचं नाही. दुखत नाही म्हणून बाई झटकन उतरायला जाते, पाय साथ देत नाही, आणि नव्या गुडघ्यावर पडते. 'मी काय म्हातारी झाले का, कशाला कोणाला उठवू' हा आपला स्वभाव इथं घात करतो. नसेला कायमची इजा होणं फार क्वचित घडतं. मुंग्या, बधिरपणा रेंगाळला तरी बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. सांगितलेल्या वेळेत पायाची बोटं हलली नाहीत, तर मात्र रात्र असो, पहाट असो, डॉक्टरांना बोलवायचं. आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा पुढं कित्येक महिने बधिर राहते, कधी कायमची. ती इंजेक्शननं नाही, कातडीला जाणारी बारीक नस चिरेत कापली जाते म्हणून. त्यानं चालण्याला काही होत नाही.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. बर्फही कापडातूनच.

आता त्या रात्रीचं. ऑपरेशन अकराला झालं. संध्याकाळी आत्याबाई उशाला टेकून बसल्या होत्या, चहा मागितला, म्हणाल्या, "पाय माझा न्हाईच वाटतो, उगी भेत होते." आम्ही सगळे खूश. रात्री दहाची गोळी नर्सनं दिली, मी घोटभर पाणी दिलं आणि खाली चटई टाकून झोपले.

दोन-अडीचला जाग आली ती कण्हण्यानं नाही. पलंगाची दांडी खडखडत होती म्हणून. आत्याबाईंनी पदर तोंडात धरला होता आणि एका हातानं दांडी आवळली होती. कपाळ घामानं ओलं. मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाल्या, "झोप तू. पाच बाळंतपणं केली, हे काय." मी नर्सला बोलवून आणलं. तिनं उशी सरकवली तर उशीखाली दहाची गोळी. "दुखतच नव्हतं तर कशाला खायची," असं त्यांचं म्हणणं.

औषध उतरण्याआधी गोळी पोटात जायला हवी होती, ती याचसाठी होती. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा असर सहा-आठ तासांपासून दिवसभरापर्यंत कितीही टिकतो, आणि उतरतो तेव्हा कधी कधी एकदम उतरतो. दुखणं भडकल्यावर आवरायला जास्त औषध लागतं, आधी घेतलं तर थोड्यात भागतं. मग त्यांना शिरेतून औषध दिलं, पण चार वाजेपर्यंत त्या तळमळतच होत्या. सकाळी व्यायाम घेणारे सर आले तर त्यांनी गुडघ्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या पलंगावरची बाई व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि आमच्या बसायलाही तयार नव्हत्या. ते दोन दिवस पुढं आम्हाला फार महाग पडले. गुडघा पुरता वाकायला तीन महिने लागले.

त्यात इंजेक्शनचा दोष नव्हता. त्यानं आपलं काम केलं होतं, मोकळा वेळ दिला होता. तो कसा वापरायचा हे आम्हाला कळलं नाही.

दुसरी अडचण बोलण्याची. डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आपली बाई म्हणते, 'आहे थोडं.' ते 'थोडं' कागदावर दोन होतं. आत्याबाईंना तिसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी परत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोळा आण्यांतले बारा आणे." मॅडमना आधी कळलं नाही. मी समजावलं, तशा हसल्या आणि कागदावर साडेसात लिहिलं. त्या दिवशी औषध बदललं, आणि संध्याकाळी आत्याबाई दारापर्यंत चालल्या. तुम्हाला आकडा सुचत नसेल तर आण्यात सांगा, नाही तर प्रसूतीच्या कळांशी तुलना करून सांगा, पण सांगा. गुडघ्याच्या पुढं दुखतंय की मागं, हेही सांगा. मांडीतल्या ब्लॉकनं मागची बाजू नीट बधिर होत नाही, तिथं दुखतं, आणि त्याला वेगळा उपाय करता येतो.

जवळ राहणाऱ्या बाईनं भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवायचं: इंजेक्शन कोणतं, किती वाजता दिलं, साधारण किती वाजता उतरेल, आणि त्याआधीची गोळी कितीला. मी आता वहीत वेळा लिहून ठेवते, गटाच्या हप्त्यासारख्या. लिपिडचं ते सलाइन थिएटरात असतं का, हेही विचारता येतं. विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही.

घरी आल्यावर पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर थांबायचं नाही, तडक रुग्णालय.

आत्याबाई आता शहागंजच्या भाजीबाजारात माझ्याबरोबर येतात. मांडी घालून बसत नाहीत, खुर्ची लागते, आणि डाव्या गुडघ्याचं नाव काढलं की म्हणतात, "बघू दिवाळीनंतर. पण गोळी मी आधी खाणार."

त्या फुलंब्रीच्या ताईला मी हे सगळं सांगितलं. ती फार काही बोलली नाही, वहीत लिहून घेऊन गेली. परवा तिचा फोन आला. सासूला रेशन दुकानाच्या काट्यावर उभं केलं, ४९ किलो भरलं. सोमवारी भूलतज्ज्ञांना भेटायचं ठरलंय, सासू स्वतः प्रश्न विचारणार आहे म्हणे. कर्जाचा अर्ज माझ्याकडेच आहे. मी तो अजून फाडलेला नाही.